युएन मिशनवर निघालात? दक्षिण सुदानात या चुका टाळा

दक्षिण सुदानात युएनच्या शांतिसेनेत ड्युटी करून आता रिटायर झालोय, तरी दर रोटेशनच्या, म्हणजे जुनी तुकडी परत येऊन नवी जायच्या आधी मेसेज सुरू होतात, "सर, पुढच्या महिन्यात जुबा (तिथली राजधानी), काय काय घेऊन जाऊ?" चार्जर कुठला, मसाले नेता येतात का, भत्ता किती पडतो. मसाले न्या हो, नक्की न्या, पण कुणीतरी एकाने तरी विचारावं की तिथे गेल्यावर काय करायचं नाही. ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे न विचारता सांगतोय.

सगळ्यात आधी, मँडेट वाचा, म्हणजे मिशनने काय करायचं ते ठरवणारा सुरक्षा परिषदेचा ठराव. कंटाळवाणं असतं मान्य, पण पानं काही फार नसतात. युनमिस, म्हणजे दक्षिण सुदानातलं युएन मिशन, उभं राहिलं ते जुलै २०११ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच दिवसापासून, आणि तेव्हाचं काम होतं नव्या सरकारला राज्य उभारायला मदत करणं. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे आधीचे उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्यात फाटलं, यादवी पेटली, आणि ज्या सरकारला आपण मदत करत होतो तेच भांडणातला एक पक्ष झालं. मे २०१४ च्या ठरावात राज्य उभारणी बाजूला पडली आणि नागरिकांचं संरक्षण पहिल्या नंबरवर आलं. त्यानंतरही किती वर्षं नवीन मुलं येऊन सरकारी कमांडरला "आम्ही तुमच्या मदतीला आलोय" असं बिनधास्त म्हणायची, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी कॅम्पात आसऱ्याला आलेल्या माणसांच्या कानावर जायचं. मग ती माणसं तुमच्याशी का बोलतील? दोघांमध्ये २०१८ चा शांतता करार झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये एकत्र सरकार बनलं, निवडणुका ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर नेल्या. कागद बदलतो तसं तुमचं वाक्य पण बदलायला लागतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. गावात बसून शब्द देणं.

होतं असं की पेट्रोलिंगला गेलात, झाडाखाली गावचे म्हातारे जमले, खुर्च्या मांडल्या, तुम्ही प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, आणि शेवटी ते सांगतात की हातपंप बंद पडलाय, बायकांना लांब जावं लागतं आणि वाटेत धोका आहे. तुमचं मन द्रवतं, भल्या घरचे संस्कार असतात, आणि तोंडातून निघून जातं, "होऊन जाईल, मी बघतो." झालं. जाँगलेई राज्यात एका तरुण अधिकाऱ्याने अगदी हेच केलं, पोरगा चांगला होता, हुशार होता, फक्त घाईचा. त्याला वाटलं कॅम्पात इंजिनिअर आहेत, पाठवू दोन माणसं. पण मिशनमध्ये असल्या कामाला क्विक इम्पॅक्ट प्रोजेक्ट म्हणतात, त्याला ५० हजार डॉलरची मर्यादा, आधी प्रस्ताव, मग कमिटी, मग काम करणारी संस्था शोधा, नावातच काय ते क्विक. तोपर्यंत पाऊस लागला, रस्ता बंद, आणि त्याची रजा आली.

कोरड्या दिवसांत आमची पार्टी परत त्या गावात गेली तेव्हा झाडाखाली कुणी नाही. म्हातारे घरात, बाहेर फक्त चार पोरं खांद्याला बंदुका लावून बसलेली, हसत पण नाहीत. आणि इकडे शेजारच्या गावात वेगळीच बातमी पोचलेली, की युएन त्यांना पाणी देतंय आणि आम्हाला नाही, म्हणजे युएन त्यांच्या बाजूचं. डिंका, नुएर, मुर्ले या समाजांमध्ये गुरांवरून हल्ले आणि पोरं पळवणं चाललेल्या भागात ही बातमी किती महाग पडते ते सांगायला नको. पंप बसलाच नव्हता, तरी आम्ही पक्षपाती ठरलो. त्याहून वाईट म्हणजे त्या गावाकडून येणारी खबर बंद झाली, कुठल्या बाजूला माणसं जमताहेत, गुरं कुणी हलवली, काही कळेना. पहिल्यासारखं बोलायला त्यांना बराच काळ लागला.

माझी सवय सांगतो, नियम वगैरे नाही. वही उघडायची, त्यांच्यासमोर लिहायचं, लिहिलेलं इंटरप्रिटरकडून वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, "हे वरती कळवतो, पुढच्या वेळी काय उत्तर आलं ते येऊन सांगतो, नाही म्हणाले तर तेही सांगतो." आणि मग खरंच नकार घेऊन परत जायचं. नकार ऐकवायला जाणारा माणूस तिथे फार दिसत नाही, त्यामुळे त्याची इज्जत राहते. नवीन लोकांना हे पटत नाही, त्यांना पहिल्याच महिन्यात फोटोत दाखवण्यासारखं काहीतरी हवं असतं.

फोटोवरून आठवलं, कॅमेरा आत ठेवा. पूल, विमानतळ, सैनिक, चेकपोस्ट, काहीही काढू नका, मोबाईल जप्त झाला तर नशीब समजा.

मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. "मला काही होत नाही" म्हणणारा सगळ्यात आधी आडवा होतो.

बायका, पोरी, पैसे, मदतीच्या बदल्यात काही. यात चूक हा शब्दच बसत नाही, तो गुन्हा आहे, घरी पाठवतात आणि पाठवायलाच हवं.

इंटरप्रिटर जो मोकळा दिसेल तो उचलून नेऊ नका. तो कुठल्या समाजाचा, आपण चाललोय कुठे, हे आधी बघा. २०१३ नंतर कित्येक नुएर, म्हणजे माचारच्या समाजातल्या, माणसांना जुबात युएनच्या गेटबाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, आणि तुम्ही त्याला म्हणणार चल जरा चेकपोस्टवर बोलून येऊ! आणि समोरचा तीन मिनिटं बोलला आणि इंटरप्रिटरने एकच वाक्य सांगितलं तर गप्प बसू नका, परत विचारा, दहा वेळा विचारायला लागलं तरी विचारा.

आता गाडी. आपल्या वऱ्हाड-मराठवाड्यातल्या लोकांना तरी हे सांगायला लागू नये, कारण जाँगलेईतल्या बोर शहराच्या आसपास तीच काळी चिकण माती आहे, उन्हाळ्यात भेगा आणि पाऊस पडला की टायरला किलोकिलोने चिकटते. साधारण मे ते ऑक्टोबर बहुतेक रस्ते हे फक्त नकाशावर असतात, मग हेलिकॉप्टर नाहीतर व्हाईट नाईल नदीतून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट. तरीपण दर वर्षी एक हिरो निघतोच. आमच्याकडचा हिरो म्हणाला पुढे रस्ता खराब आहे, गुराख्यांची पायवाट दिसतेय, तिकडून अर्ध्या तासात पोचू. पहिली लँड क्रूझर रुतली. हा ॲक्सिलरेटर दाबतच राहिला, ॲक्सल टेकेपर्यंत. मग ओढायला दुसरी गाडी त्याच चिखलात घातली, तीही बसली. अंधार पडला, हँडसेटची बॅटरी संपत आलेली, निघायच्या आधी रेडिओ चेक केलेला नव्हता, आणि बेसवर सगळे जागे. सकाळी गुराखीच आले मदतीला, हसत हसत.

चिखल तरी परवडला. ज्या देशात दशकानुदशकं युद्ध झालंय तिथे वाट सोडून आडवं जाणं म्हणजे सुरुंग आणि न फुटलेले तोफगोळे यांच्याशी जुगार आहे. माझं साधं आहे, आधीच्या टायरची खूण दिसत नसेल तर मी जात नाही, आणि लघवीला उतरलो तरी त्या खुणेवरच. लोक हसतात, हसू देत. ढग दिसले की अर्ध्यातून माघारी फिरायला लाज वाटून घेऊ नका, शॉर्टकट ज्याला माहीत आहे तो तिथे जन्मलेला असतो आणि तो पायी चालतो.

कागदावर पण असेच शॉर्टकट मारतात. मार्च २०१४ मध्ये रुंबेक शहरात काय झालं ते प्रत्येक लॉजिस्टिकवाल्याने पाठ करावं. बेंटिऊला चाललेल्या घानाच्या सैनिकांसाठीचे कंटेनर रस्त्याने निघाले, लेबल चुकीचं, सरकारी लोकांनी उघडले तर आत हत्यारं आणि दारूगोळा. हत्यारं विमानानेच न्यायची असं मिशनचंच धोरण होतं. युएनने चूक कबूल केली, पण तोवर मिशन बंडखोरांना हत्यारं पुरवतंय असा बोभाटा झाला आणि जुबात मोर्चे निघाले. खरे कारण एक लेबल. म्हणून "जनरल आयटम" लिहून सही मागायला येणाऱ्याला मी परत पाठवायचो, आत काय आहे ते लिही मग ये. शिव्या खाल्ल्या असतील पाठीमागे, खाऊ देत.

गेटवरच्या ड्युटीला हलकं समजू नका. निवेदन म्हटलं की आपल्याला कलेक्टर कचेरी आठवते, घोषणा, फोटो, चहा. एप्रिल २०१४ मध्ये बोरच्या युएन बेसवर जमाव आला तो शांततेत निवेदन द्यायचंय असं सांगतच आला. हत्यारबंद पोरं आत घुसली आणि तिथे आसऱ्याला असलेल्या सुमारे ५ हजार लोकांवर गोळीबार केला, किमान ४७ जण गेले. मागाहून शहाणपण सांगणं सोपं आहे हे मलाही कळतं. पण माझ्या शिफ्टला जमाव दिसला की आधी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला माणसं, मग गेटवर बोलणी, आणि बोलायला त्यांचे दोघेच पुढे, बाकीचे लांब.

तसंच एस्कॉर्टचं. "रोजचाच रस्ता आहे" हे वाक्य मला ऐकवू नका. एप्रिल २०१३ मध्ये गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला, आपले ५ जवान गेले, शिवाय ७ सिव्हिलियन. वेळ बदला, गाड्यांमधलं अंतर बदला, ड्रायव्हरला थांबण्याची जागा निघताना सांगा, आदल्या दिवशी सगळ्यांसमोर नको.

शेवटचं, हँडओव्हर. वर्षभर राबून माणूस जाताना दोन पानांची ईमेल टाकतो, त्यात सगळं "सिच्युएशन स्टेबल". मग नवीन येतो आणि त्याच म्हाताऱ्यांना तेच प्रश्न, तुमचं गाव किती मोठं, पाणी कुठून आणता. ती माणसं वैतागतात, मीही वैतागलो असतो. मी माझ्या नोटमध्ये लिहायचो की कुठला मुखिया कुणाशेजारी बसत नाही, कुठल्या गावाला काय सांगितलंय आणि कशाला नाही म्हटलंय, कुठला नाला कधी बंद होतो. शक्य असेल तर नवीन माणसाला शेजारच्या सीटवर घेऊन दोन पेट्रोलिंग मारा, विमान चार दिवस उशिराचं घ्या. आणि युएनचं ड्रायव्हिंग परमिट जाताना जमा करा, ते खिशात घेऊन नागपूरला पोचणारे पण दर बॅचमध्ये निघतात.