हायब्रिड गाडीचा भाव कधी आणि कसा करायचा

दसऱ्याच्याच मुहूर्तावर गाडी हवी म्हटलं की घासाघीस संपली. पितृपक्षात नाशिकची शोरूम ओस असतात, तेव्हा जा. डिसेंबरअखेरही सूट मिळते. पण आठवड्यात गाडी कागदावर वर्षाने जुनी होते, म्हणून सूट घसघशीत हवी. उत्पादनाचा महिना लेखी घ्या, तोच आरसीवर येतो.

‘हायब्रिड’ शब्दाला भुलू नका: माइल्ड हायब्रिड नुसत्या विजेवर धावत नाही, स्ट्राँग हायब्रिड थोडं अंतर धावते.

पुणे-ठाण्याचंही ऑन-रोड कोटेशन हाती ठेवा. वेटिंगवाल्या स्ट्राँग हायब्रिडवर रोख सूट क्वचितच. तिथे विमा बाहेरून काढा, ‘हँडलिंग चार्जेस’ची ओळ खोडायला लावा. १० लाखांवरच्या गाडीचा १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला आयकर) मात्र आयकर विवरणात वळता होतो, त्यावर भांडू नका.