लिस्बनला जायचंय? मग यादी जेवणापासून करा

लिस्बनचं प्लॅनिंग म्हटलं की सगळे आधी बेलेंचा बुरूज, ट्राम २८, सिंत्रा असं भराभर लिहून काढतात आणि जेवणाचं काय ते तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. माझं मत, उलटं करा. तिथली साधी घरगुती हॉटेलं, तास्का म्हणतात त्यांना, दुपारी साडेबारा ते तीनच्या आसपास जेवण देतात, मग किचन बंद ते थेट संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत, आणि त्यातली बरीचशी रविवारी उघडतच नाहीत. म्हणजे चार वाजता भूक लागली की उरतात फक्त फोटोवालं मेनूकार्ड बाहेर टांगलेली टुरिस्ट हॉटेलं. म्हणून रोजच्या पानावर आधी दुपारचं जेवण कुठे ते लिहा आणि मग त्याच्या आसपास चालत काय बघता येईल ते. वर्किंग डेला दुपारी पाटीवर 'प्रातु दु दिआ' लिहिलेलं असतं, तो दिवसाचा ठरलेला पदार्थ, स्वस्तही आणि ताजाही.

पण त्याआधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी हवाच, पण उन्हाळ्याच्या सीझनमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही तेव्हा शेवटपर्यंत थांबू नका. मोठ्यांची फी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि त्यात दोन पानं कोरी. भारतातून लिस्बनला जाताना विमान बदलावं लागतं, आणि ते दुसऱ्या शेंगेन देशात बदलत असाल तर इमिग्रेशन त्या पहिल्या एअरपोर्टवर होतं, आता बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, त्यामुळे तासाभराचं कनेक्शन कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. हॉटेलच्या बिलावर सिटी टॅक्स वेगळा लागतो, माणशी रात्रीला ४ युरो, तो बजेटमध्ये धरा.

आता बंद वार. सरकारी म्युझियमं सोमवारी बंद, गुल्बेंकियन म्युझियम मंगळवारी बंद, आणि 'फेरा दा लाद्रा' हा जुना बाजार भरतो मंगळवार आणि शनिवारी. एवढं कॅलेंडरवर मांडलं की अर्धं प्लॅनिंग आपोआप होतं. जुन्या वास्तूंची दुरुस्ती कधीही निघते, तर जायच्या आधी त्या त्या वेबसाइटवर एकदा बघाच. टाइल्सचं म्युझियम उघडं असेल तर चुकवू नका, १५०९ साली स्थापन झालेल्या मठात आहे, आणि तिथे १७५५ च्या भूकंपाआधीचं लिस्बन दाखवणारं जवळजवळ तेवीस मीटर लांबीचं निळं-पांढरं टाइलचित्र आहे, त्यातली कितीतरी घरं, राजवाडा धरून, भूकंपात गेली. बेलें भागात जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीला, १५२४ मध्ये. समोरच्या बाजूला थोडं चाललात की अफोन्सु द अल्बुकेर्कचा पुतळा, गोवा घेतला तो हाच, उंच खांबावर. गोव्याची किंवा वसईची माणसं असाल तर इथे घरी बऱ्यापैकी वाद होणार, तो दुपारच्या जेवणाआधी आटपा. म्युझेउ दु ओरिएंत मात्र जरूर करा, पूर्वेकडच्या वस्तूंचं म्युझियम, आणि बिल्डिंग मुळात खारवलेल्या कॉड माशाचं गोदाम होतं!

तो मासा म्हणजे बाकल्याव. गंमत म्हणजे कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, तरी सगळा देश तोच खातो. सुक्या मासळीच्या वासाची सवय असलेल्यांना काही प्रॉब्लेम नाही, बाकीच्यांनी सुरुवात 'आ ब्राश'पासून करा, म्हणजे माशाचे धागे, बटाट्याच्या बारीक काड्या आणि अंडं, अगदी सौम्य. तारली खायची तर जून ते सप्टेंबर. १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियुचा सण असतो, आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शेगड्या पेटतात, धूर, गाणी, पावावर भाजलेली अख्खी तारली, आणि घरोघरी तुळशीच्या जातीच्या बारीक पानांच्या कुंड्या. ती रोपं नाक लावून हुंगायची नसतात, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा. त्या आठवड्यात रूम बुक करणार असाल तर खूप आधी करा आणि आल्फामात झोप मिळेल अशी आशा धरू नका.

शाकाहारी मंडळींची यादी वेगळी काढावी लागेल. 'मांस नको' एवढं म्हटलं तर मासा येतो नाहीतर हॅम येतं, तेव्हा 'सें कार्न, सें पैश, सें फियांब्र' असं तिन्ही फोनमध्ये लिहून ठेवा. काल्दु व्हेर्द हे हिरव्या भाजीचं सूप दिसायला सात्त्विक, पण वर सॉसेजची चकती असते. कॅफेच्या काउंटरवर चामूसा म्हणजे आपला समोसाच दिसेल, आत बहुतेक वेळा बीफ किंवा चिकन, विचारूनच घ्या. गोड बहुतेक सगळं अंड्याच्या पिवळ्या बलकाचं, पास्तेल द नातासुद्धा, बेलेंच्या दुकानात १८३७ पासून तेच विकतात (बाहेरची लांब रांग पार्सलची असते, आत मोठ्या हॉलमध्ये बसायला सहसा लवकर जागा मिळते, दालचिनी भरपूर भुरभुरा). पण चीज खाणाऱ्यांसाठी खुशखबर, आझैतांवचं चीज प्राण्याच्या रेनेटने (दूध जमवायचा पोटातला अर्क) नाही तर काटेरी फुलाने जमवतात, वरचं झाकण कापून चमच्याने खायचं. आणि अगदीच वरण-भात आठवला तर शहराच्या उत्तरेला राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी कँटीन आहे, वेळ बघून जा.

टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, सार्डिनची पेस्ट येते. फुकट नसतं ते. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट मानत नाही.

फादोसाठी, म्हणजे इथल्या उदास सुरांच्या गाण्यांसाठी, एक रात्र राखून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं काही ठरवू नका. जेवणासकट बुकिंग करा, बिल काय येईल ते आधी विचारा. गाणं सुरू होताना दिवे मंद होतात, वेटर हातातल्या प्लेट घेऊन जागेवर थांबतात, आणि त्या वेळी बोलणाऱ्याला आजूबाजूचे चक्क गप्प करतात. लहान मुलं असतील तर विचार करा.

बुटांवर पैसे खर्च करा. फुटपाथ म्हणजे छोटे गुळगुळीत दगड, त्यात चढउतार, पावसात तर घसरगुंडीच. आई-बाबा सोबत असतील तर शहरातल्या जुन्या किल्ल्यावर ७३७ नंबरची बस जाते, प्रासा दा फिगैरा चौकापासून. फ्युनिक्युलरच्या, म्हणजे चढावर दोरावर ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या, भरवशावर राहू नका, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यातल्या ग्लोरियाचा मोठा अपघात झालाय, काय चालू आहे ते बघून घ्या. ट्राम २८ मध्ये खिसेकापू ठरलेले, सकाळी लवकर बसा आणि बॅग पोटाशी धरा. प्लग आपला दोन पिनांचा चालतो, तीन पिनांचा नाही. आणि परतताना टिनमधली मासळी घेणार असाल, घ्याच, डबे सुंदर असतात, तर ती चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत सिक्युरिटीला तेलावरून अडवू शकतात.