समितीपुढे श्रद्धेचा प्रश्न आला, तर तो कसा हाताळावा

शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामसभा किंवा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा यांत धर्माशी संबंधित विषय निघाला, की थोड्याच वेळात सभेचे दोन तट पडतात. एक बाजू देश धर्मनिरपेक्ष असल्याचे सांगते, दुसरी आपल्या श्रद्धेला हात लावू नका असे बजावते, आणि मूळ अर्ज टेबलावर तसाच पडून राहतो. अशा समित्यांवर काही वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की मत श्रद्धेवर घ्यायचे नसून कृतीवर घ्यायचे असते, आणि अध्यक्षाने एवढे सांभाळले तरी बरेचसे वाद सुटण्याजोगे होतात. पुढील पद्धत त्याच दृष्टीने लिहिली आहे.

प्रथम मागणी एका वाक्यात लिहून काढावी: कोण, कोणाकडे, कोणती कृती करण्याची किंवा न करण्याची विनंती करीत आहे. मी सदस्य असलेल्या एका समितीत ‘प्रार्थनेला विरोध’ या विषयावर दीड तास चर्चा झाली. नंतर अर्ज वाचला, तेव्हा मुलीला प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहू द्यावे, एवढेच तिच्या वडिलांचे म्हणणे असल्याचे दिसले. चार ओळींचा तो अर्ज बैठकीपूर्वी कोणीही वाचला नव्हता, त्यात मीही आलो. ‘प्रार्थना बंद करा’ आणि ‘प्रार्थनेची सक्ती नको’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिल्यामुळे त्याला वरची वेतनश्रेणी नाकारण्यात आली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करणारी ठरवली. त्या प्रकरणात शाळेची प्रार्थना बंद करण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर निर्णय घेणारी संस्था कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवावे, कारण संविधानातील धार्मिक स्वातंत्र्याची बंधने प्रामुख्याने राज्यसंस्थेवर आहेत. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित खासगी शाळा आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांना एकच माप लागू होत नाही. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते, पण विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्यात किंवा तेथील धार्मिक उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. गृहनिर्माण संस्थांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, केला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो वैध ठरवला. हा निकाल मला पटत नाही, तरीही ‘संविधानात असे चालत नाही’ असे सभेत ठामपणे सांगण्यापूर्वी तो माहीत असलेला बरा.

शाळेचा विषय असेल, तर धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांतील फरकही पाहावा. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान देणाऱ्या याचिकेवर २००२ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विविध धर्मांची माहिती व त्यांतील मूल्ये यांचा अभ्यास निषिद्ध नसल्याचे म्हटले. इतिहासाच्या तासाला वारकरी संप्रदाय, सूफी परंपरा किंवा गोव्यातील मिशनऱ्यांचे कार्य शिकवण्यास म्हणूनच हरकत नाही. त्यांपैकी एकाची उपासना सर्वांकडून करून घेणे मात्र वेगळे.

सर्वांत अधिक वेळ सक्तीच्या मुद्द्याला द्यावा. केरळमध्ये १९८५ साली यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. एखादी श्रद्धा न्यायाधीशांच्या बुद्धीला किंवा भावनेला पटते की नाही, हा प्रश्न नसून ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही, हा प्रश्न आहे, असे त्या निकालाचे सूत्र आहे. बहुसंख्य सदस्यांना जी श्रद्धा विचित्र वाटते, तिच्याच बाबतीत हे सूत्र उपयोगी पडते. जी सर्वांना पटते, तिला संरक्षणाची गरज क्वचितच भासते.

पैशाचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती अनुच्छेद २७ नुसार कोणावरही करता येत नाही. हज यात्रेच्या अनुदानाला याच आधारावर दिलेले आव्हान २०११ साली फेटाळले गेले, कारण कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला, तरच या अनुच्छेदाचा भंग होतो, असे न्यायालयाने मानले. पुढच्याच वर्षी ते अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आदेश न्यायालयाने दिला, आणि सरकारने २०१८ सालीच ते बंद केले. सोसायटीच्या देखभाल शुल्कावर अनुच्छेद २७ लागू होत नाही, पण त्यामागचे तत्त्व उसने घेता येते: सत्यनारायणाची पूजा, इफ्तार किंवा नाताळ यांचा खर्च मासिक शुल्कातून न करता ऐच्छिक वर्गणीतून करावा, आणि न देणाऱ्यांची यादी फलकावर लावू नये.

ध्वनिक्षेपकाचा विषय बहुतेक वेळा धर्माचा नसून आवाजाचा असतो. खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वापरता येत नाही, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. हा नियम आरती, अजान आणि लग्नाची वरात या सर्वांना सारखाच लागू आहे.

कधी कधी अडचण अशी असते, की श्रद्धेच्या नावाने एखादी जुनी मक्तेदारी सांभाळली जाते. येथे उपासना आणि व्यवस्थापन वेगळे करून पाहावे. पंढरपुरात दलितांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. पुढे अनुच्छेद २५ मध्ये, सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळे सर्व हिंदूंना खुली करण्याचा कायदा राज्याला करता येईल, अशी तरतूद झाली. १९७३ च्या पंढरपूर मंदिर अधिनियमाने बडवे व उत्पात या तेथील पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत अधिकार संपवले, आणि त्यावरचा न्यायालयीन लढा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. एवढे होऊनही विठ्ठलाची नित्यपूजा चालूच राहिली. ‘व्यवस्थापन बदलले तर धर्म बुडेल’ असे कोणी म्हणाले, तर नेमका कोणता विधी थांबणार आहे, हे त्यांना सौम्यपणे विचारावे.

मतदानाची वेळ आली, की अध्यक्षाने संविधान सभेतील १७ ऑक्टोबर १९४९ चा दिवस आठवावा. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली. ईश्वरावर मतदान करण्याच्या संकोचात आम्हांला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. हृदयनाथ कुंझरू यांनी सर्वांवर एक सामूहिक दृष्टिकोन लादण्यास आक्षेप घेतला. कामत यांनी मतदानाचा आग्रह सोडला नाही, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र मंत्र्याला ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ यांपैकी कोणताही मार्ग निवडता येतो. ज्या सभेने सर्वांच्या वतीने ईश्वराचे नाव घेण्यास नकार दिला, तिनेच प्रत्येकाला स्वतःपुरते ते घेण्याची मुभा ठेवली.

ठरावाचा मसुदा याच धर्तीवर करावा. ‘शाळेत प्रार्थना असावी’ असा ठराव मताला टाकण्याऐवजी असे लिहावे: ‘परिपाठाच्या वेळी प्रार्थना म्हटली जाईल, ज्या विद्यार्थ्याच्या पालकांनी लेखी कळवले असेल, तो शांतपणे उभा राहील, या कारणावरून त्याला शिक्षा होणार नाही व त्याच्या गुणांवर किंवा वर्गातील जबाबदाऱ्यांवर परिणाम होणार नाही.’ शाळा पूर्ण शासकीय असेल आणि प्रार्थना एका धर्माची असेल, तर हा मसुदा पुरेसा नाही. तेथे प्रार्थनेची निवडच बदलावी लागेल. असहमत सदस्यांची मते त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवावीत, अर्जदाराला निर्णय लेखी कळवावा, आणि वर्षभराने फेरविचाराची तारीख त्याच ठरावात घालावी, म्हणजे पुढील समितीला सुरुवात पुन्हा घोषणांपासून करावी लागणार नाही.