पीयू फोमचा डबा हातात घेण्याआधी

एसी बसवणारा माणूस भिंतीला अडीच इंचाचं भोक पाडतो, त्यातून तांब्याच्या नळ्या बाहेर काढतो आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या सिमेंटचा गोळा थापून निघून जातो. वर्षभरात गोळा सुटतो. मग खोलीतली गार हवा बाहेर, रस्त्याची धूळ आत, आणि पहिल्या पावसाबरोबर मुंग्यांची रांग. खिडकीची फ्रेम आणि भिंत, एक्झॉस्ट फॅनची चौकट, बेसिनखालचे पाइप, अशा जागाही प्रत्येक घरात असतात. हार्डवेअरच्या दुकानात ७५० मिलिलिटरच्या डब्यात मिळणारा पीयू फोम इथे उत्तम काम करतो. पण तो एकदा भरला की सहज निघत नाही, म्हणून खरी मेहनत नळी दाबण्याआधीची आहे.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा बनवलं. डब्यातून बाहेर येताना ते चिकट, फेसाळ असतं. हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि कडक होतं. आतल्या असंख्य बारीक पोकळ्यांत वायू अडकतो, त्यामुळे उष्णता सहज पार होत नाही. फटीत मात्र त्याचं मोठं काम हवेची ये-जा थांबवण्याचं. पाणी थांबवणं हे त्याचं काम नाही. भिंतीतून गळती असेल तर आधी ती शोधून दुरुस्त करा. वरून फोम मारला तर पाणी आत साचत राहतं आणि गळतीचं मूळ झाकलं जातं.

कुठे भरायचा नाही

हा भाग घाईत वाचू नका. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथलं व्हेंटिलेटर, जाळी, दाराखालची फट यांपैकी काहीही बुजवू नका. बंद जागेत गीझर पेटला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आत अंघोळीला गेलेल्या माणसाला गुंगी येते आणि कडी उघडायचंही भान राहत नाही. आपल्याकडे अशाने माणसं गेली आहेत. झुरळं येतात म्हणून ती जाळी बंद करायची असेल, तर आधी गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवा.

स्वयंपाकघरातही तेच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर जातो. म्हणून सिलिंडर असेल तर जमिनीलगतची आणि पाइपगॅस असेल तर छतालगतची हवेची वाट मोकळी हवी.

स्विचबोर्डच्या आत आणि एमसीबीच्या डब्यात फोम भरू नका. वायर तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. कोकणात आणि गोव्यात मंगळुरी कौलांच्या छपराला आतून फोम मारून घेण्याचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कौलं एकमेकांना आणि रिपांना चिकटून बसली की दरवर्षीची शाकारणी संपली, फुटलेलं एक कौलही बदलता येत नाही. शिवाय वासे आणि रिपा ओल्या राहिल्या तर वाळायला वारा मिळत नाही आणि लाकूड आतून कुजतं.

तयारी

वारा असलेल्या दिवशी पेटलेली अगरबत्ती घेऊन खिडक्या-दारांच्या कडेने हळूहळू फिरा. धूर जिथे वाकतो तिथे पेन्सिलने खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की अगरबत्ती विझवा. साध्या नळीच्या डब्यात उरलेला फोम नळीतच घट्ट होतो, त्यामुळे डबा उघडला की सगळी भोकं एकाच बैठकीत उरका.

पाच मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेला फोम नको, तिथे अॅक्रिलिक किंवा सिलिकॉन सीलंट बरं. मूठ जाईल एवढ्या भगदाडाला विटेचा तुकडा आणि सिमेंट. मधल्या मापाच्या फटी फोमच्या.

फट ब्रशने झाडून धूळ, सुटं प्लास्टर, जुनं सिलिकॉन काढा. सिलिकॉनवर आणि पॉलिथिनवर फोम चिकटत नाही. त्यामुळे जमिनीवर आणि सामानावर पॉलिथिन अंथरा आणि फ्रेमच्या कडांना मास्किंग टेप लावा. उंदरांची वाट असेल तर आधी तारेची जाळी कोंबा, कारण नुसता फोम उंदीर कुरतडतो. वाळवी तो खात नाही, पण त्यातून बोगदा करून जाते. वाळवीचा उपाय आधी वेगळा करून घ्या.

मग फट पाण्याच्या फवाऱ्याने हलकी ओलसर करा. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत याची फार गरज असते. पावसाळ्यात हवेतच पुरेसा ओलावा असतो.

डब्यातला दाबाचा वायू पेट घेणारा असतो. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, निरांजन, सगळं बंद. खिडक्या सताड उघड्या. हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि जुने कपडे हवेतच. ताज्या फोममधल्या आयसोसायनेट या रसायनाने दम्याचा त्रास सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. घरात दमा असलेलं कुणी असेल, तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

भरणं

डबा तीस सेकंद जोरात हलवा, नळी घट्ट बसवा आणि डबा उलटा धरा. सरळ धरला तर नुसता वायू निघून जातो आणि फोम आतच राहतो. नळी फटीच्या तळापर्यंत घालून आतून बाहेर येत भरा. अर्धीच फट भरायची. पुढच्या काही मिनिटांत फोम फुगून उरलेली जागा घेतो. कमी पडला तर नंतर वाढवता येतो, जास्त झालेला मात्र फ्रेमला ढकलतो.

एसीच्या नळ्यांचं भोक भिंतीच्या जाडीइतकं खोल असतं. ते एका दमात भरलं तर मधला फोम ओलाच राहतो. तीन-चार सेंटिमीटरचा थर द्या, वर किंचित पाणी फवारा, थोडं थांबून पुढचा थर. ड्रेन पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, हे आधी बघा. फोमने पाइप वर उचलला गेला तर पाणी उलटं घरात येतं.

खिडकीसाठी दुकानात ‘कमी फुगणारा’ फोम मागून घ्या. आमच्या बेडरूमच्या खिडकीला साधा फोम काठोकाठ भरला गेला होता. दुसऱ्या दिवशी यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) फ्रेम मधोमध आत वाकलेली, झडप सरकेना. फोम कापून काढला तेव्हाच ती मोकळी झाली. भरताना त्या एकाच खिडकीची झडप बंद ठेवा आणि फ्रेमच्या आत लाकडी पट्टी आडवी अडकवून ठेवा, म्हणजे बाजू दाबल्या जात नाहीत.

हाताला फोम लागला तर पाणी लावू नका, पाण्याने तो लवकर घट्ट होतो. कोरड्या फडक्याने लगेच पुसा, मग साबण लावा. अवजारांवरचा ताजा फोम अॅसिटोनने निघतो. सुकलेला फक्त खरवडूनच.

कापणं आणि झाकणं

दहा-पंधरा मिनिटांत वर साल धरते. तोवर त्याला बोट लावू नका. तासाभराने कटरने भिंतीच्या पातळीत कापता येतो, पण पूर्ण पक्का व्हायला चोवीस तास द्या. नंतर झाकणं चुकवू नका. उन्हात उघडा फोम आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि भुगा होऊन गळू लागतो. बाहेरच्या बाजूला सिमेंट किंवा बाहेरचा रंग, आत पुट्टी. ‘फायर’ लिहिलेला गुलाबी फोम उशिरा पेटतो एवढंच. जळत नाही असं नाही.

पत्र्याचं छप्पर

पत्र्याखाली मारतात तो फोम वेगळा. दोन रसायनं गरम होऊन यंत्राच्या नळीतून येतात आणि काही सेकंदांत फुगतात. हे काम माहितगार ठेकेदाराचंच. माझा सल्ला: आधी पत्र्यावर वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग देऊन एक उन्हाळा काढून बघा. तेवढ्याने भागलं तर पुढचा खर्च वाचतो.

भागलं नाही तर ‘क्लोज्ड सेल’, म्हणजे आतल्या पोकळ्या बंद असलेला फोमच मागा. उघड्या पोकळ्यांचा ‘ओपन सेल’ ओलावा धरतो. त्याआधी गंज खरवडून प्रायमर द्या आणि स्क्रूंचे झिजलेले वॉशर बदला, कारण नंतर गळती दिसत नाही आणि पत्रा आतल्या आत सडतो. दोन इंचांपेक्षा जाड थर एकाच वेळी मारू देऊ नका. रसायनांच्या प्रक्रियेतच इतकी उष्णता तयार होते की आतून फोम करपतो, पेटूही शकतो. खाली स्वयंपाक होत असेल तर जिप्सम बोर्डाने झाकून घ्या. अमेरिकेत राहत्या खोलीतला असा फोम अर्ध्या इंचाच्या बोर्डाने झाकावा लागतो, आणि ते योग्यच आहे. फवारणीच्या दिवशी घरातली सगळी माणसं, मांजर-कुत्री, पिंपातलं पाणी आणि धान्याचे डबे बाहेर न्या. चोवीस तासांनी परत या. वास येत असेल तर खिडक्या उघडून आणखी एक दिवस थांबा.