कापलेलं गवत कचऱ्यात नको, हिरवळीतच जिरवा

हिरवळ कापून झाली की गवत गोळा करून पिशव्या भरायच्या, ही सवय बहुतेकांना असते. त्यातली एक पिशवी उचलून बघा, चांगली जड लागते. त्या वजनातलं ८० टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी असतं आणि उरलेल्या भागात नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), थोडं स्फुरद (फॉस्फरस). म्हणजे आपण खतच कचऱ्यात देतो आणि पुन्हा विकतचं खत आणून त्याच हिरवळीवर टाकतो. शिवाय कचऱ्याच्या डोंगराखाली दाबलेलं गवत हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. हे सगळं टाळणं अगदी सोपं आहे. फक्त कापण्याची पद्धत थोडी बदलावी लागते.

वार बघून नको, उंची बघून कापा. सगळं यश या एका सवयीवर आहे. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा, त्याहून जास्त नाही. हिरवळ ६ सेंटीमीटर ठेवायची असेल तर ती ९ सेंटीमीटर झाली की गवत कापायचं यंत्र बाहेर काढा. असे आखूड तुकडे उभ्या गवतामधून खाली मातीपर्यंत घसरतात आणि दिसेनासे होतात. लांब तुकडे मात्र वरच अडकून बसतात. वाढ जोरात असताना आठवड्यातून दोनदा कापावं लागेल, पण पिशव्या भरण्याचा आणि ओढण्याचा वेळ वाचतो.

बाहेरगावी गेल्यामुळे गवत फार वाढलं असेल तर एका दमात खाली आणू नका. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत उतरवा. पहिल्या कापणीचं गवत तेवढं उचला.

यंत्राच्या पात्याला धार लावा. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, असं मला वाटतं. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी गवताची टोकं जवळून बघा. ती पांढुरकी आणि तंतू सुटलेली दिसली तर पातं बोथट झालंय: ते गवत कापत नाही, फाडतं. पातं काढण्याआधी विजेच्या यंत्राचा प्लग काढा, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढा आणि पेट्रोलच्या यंत्राची स्पार्क प्लगची वायर सोडवा. तुकडे बारीक करणारं खास पातं मिळतं, पण साध्या यंत्रानेही काम होतं. मागची पिशवी काढल्यावर तिथलं झाकण नीट बसलंय ना, तेवढं तपासा.

दव सुकू द्या. ओलं गवत पात्याखाली चिकटतं आणि गोळे होऊन पडतं.

गुठळ्या त्याच दिवशी मोडा. एखादा गोळा दोन-तीन दिवस राहिला तर खालचं गवत पिवळं पडतं, कारण त्याला ऊन आणि हवा मिळत नाही. दाताळ्याने हलकेच पसरवा किंवा त्यावरून यंत्र एकदा आडवं फिरवा.

खत कमी करा. हिरवळीला वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा साधारण पाव हिस्सा या तुकड्यांतून मिळू शकतो. पूर्वीइतकंच खत घालत राहिलात तर गवत भराभर वाढेल आणि कापण्याचं काम उगाच वाढेल.

“गवत टाकून ठेवलं की त्याचा थर साचतो,” असं अनेकजण सांगतात. मातीलगत जो दाट, गादीसारखा थर होतो तो मुख्यतः मुळं आणि आडव्या खोडांचा असतो. ती हळू कुजतात. गवताच्या पात्यांचे तुकडे कोवळे असल्याने लवकर विरघळतात. आठवड्याने हिरवळ बोटांनी फाकवून बघा: तपकिरी, कागदासारखे पातळ झालेले थोडे तुकडे सापडतील. बाकीचे गांडुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी संपवलेले असतात.

मात्र हिरवळीला बुरशीचा रोग लागला असेल किंवा तणांना बी धरलं असेल तर गवत उचलाच. तणनाशक फवारलं असेल तर तुकडे हिरवळीवरच राहू द्या. ते भाजीच्या वाफ्यात किंवा कंपोस्टमध्ये जाऊ देऊ नका.

पायवाटेवर उडालेलं गवत झाडून परत हिरवळीवर ढकला. ते पाण्याबरोबर गटारात गेलं तर त्यातलं नत्र आणि स्फुरद पुढे तळ्यात किंवा नदीत पोहोचतं आणि तिथे शेवाळ माजतं. जे गवत उचलावंच लागतं, त्यातलं निरोगी आणि न फवारलेलं गवत वाळल्या पानांत मिसळून कंपोस्टमध्ये घाला. नुसत्या हिरव्या गवताचा ढीग आत हवा न शिरल्याने चिकट होतो आणि त्याला घाण वास सुटतो.