मॅकार्थीचे आकडे वाचायला बसताना

ऑटोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळाबद्दल वाचू लागलात की जस्टिन मॅकार्थी हे नाव आडवं येतंच. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठातला हा इतिहासकार. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, लोकसंख्येवरचं त्याचं ‘मुस्लिम्स अँड मायनॉरिटीज’ 1983 साली आलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथले ख्रिस्ती आर्मेनियन किती मेले आणि तो नरसंहार होता का, या वादात काही लोक त्यातले तक्ते डोळे झाकून उचलतात, काही पुस्तकाला हातही लावत नाहीत. मला दोन्ही पटत नाही.

वहीत तीन रकाने आखा : मोजलेलं, वाढवलेलं, वजा केलेलं. पुस्तकातला प्रत्येक आकडा यांपैकी एकात टाकायचा. काम रटाळ आहे, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. कारण भांडणारे बहुधा वेगवेगळ्या रकान्यांतले आकडे एकमेकांवर फेकत असतात.

पहिल्या रकान्यात सरकारी नोंदी. 1831 ची मोजणी फक्त पुरुषांची, कारण सरकारला सैनिक आणि कर हवे होते. बायकांची पद्धतशीर नोंद 1880 च्या दशकातली. आणि ज्यांचा सतत हवाला दिला जातो ते 1914 चे आकडे दारोदार फिरून जमवलेले नाहीत. जुन्याच नोंदवह्यांत जन्म-मृत्यू मिळवून ते तयार केले. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न लिहा : कुणाला लपायचं होतं? मुस्लिम घरांना मुलगा भरतीतून वाचवायचा होता. ख्रिस्ती पुरुष 1909 पर्यंत लष्करात जात नसत, पण त्याबदली कर भरत. पूर्वेकडच्या डोंगरी टोळ्यांपर्यंत कारकून पोचतच नसे. 1914 च्या तक्त्यात एकूण सुमारे 1 कोटी 85 लाख माणसं आहेत, त्यात कॅथलिक धरून आर्मेनियन सुमारे 12 लाख 29 हजार. प्रोटेस्टंटांचा रकाना वेगळा आहे, तो बघायला बरेच जण विसरतात.

दुसरा रकाना पुस्तकाचा गाभा, आणि माझ्या मते सर्वांत चांगला भाग. बायका आणि लहान मुलं कमी नोंदली गेलीत हे वयवारीवरून, म्हणजे कुठल्या वयाचे किती यावरून, दिसतं, म्हणून मॅकार्थी प्रमाणित आयुर्मान तक्ते (कुठल्या वयाची किती माणसं असायला हवीत याचे ठरलेले नमुने) लावून आकडे वाढवतो. अनातोलियातले आर्मेनियन त्याच्या हिशेबात 1912 साली सुमारे 15 लाख होतात. म्हणजे ‘तो सरकारी आकडे जसेच्या तसे छापतो’ हा आरोप टिकत नाही. गंमत अशी की हद्दपारी राबवणारा ऑटोमन गृहमंत्री खुद्द तलात पाशा याच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या वहीतही साडेबारा लाखांच्या आसपासचा सरकारी आकडा देऊन, खरा 15 लाख धरावा अशी टीप आहे. उलट आर्मेनियन चर्चच्या धर्मपीठाचा 1912 चा दावा 21 लाखांचा. इथे वाचकाने एकच तपासायचं : एका समाजाच्या वयवारीवरून काढलेला गुणक दुसऱ्या समाजाला लावलाय का, आणि तसं करायला आधार काय?

तिसऱ्या रकान्याशी मात्र पेन्सिल खाली ठेवून थांबा. आधीचे लोक वजा वाचलेले लोक बरोबर मेलेले, एवढी सोपी ही वजाबाकी नाही. सीरियात, लेबनॉनमध्ये, कॉकेशसमध्ये पोचलेले किती? त्याच्या उत्तरात आर्मेनियन मृत्यू सहा लाखांच्या आसपास येतात; बरेच इतिहासकार दहा लाख किंवा त्याहून जास्त मानतात. वाचलेल्यांचा आकडा थोडा हलवला की मृतांचा हलतो.

त्यापुढची उडी आकड्यांची नाहीच. 1912 ते 1922 या काळात अनातोलियात सुमारे 25 लाख मुस्लिमही मेले, असं तो मांडतो, दोन्ही मृत्यू शेजारी ठेवतो आणि ते युद्ध, उपासमार, रोगराई व परस्पर कत्तलींच्या खात्यावर टाकतो. नरसंहार तो मानत नाही. मुस्लिमांचे ते हाल खरे आहेत आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय, ते भाग जरूर वाचा. पण मे 1915 चा आर्मेनियनांच्या हद्दपारीचा कायदा, सीरियाच्या वाळवंटातल्या देर एझ-झोरकडे हाकलेले तांडे, या कत्तलींबद्दलचे 1919 चे ऑटोमन लष्करी खटले यांतलं काहीही लोकसंख्येच्या तक्त्यात मावत नाही. कुणी कुणाला का मारलं हे वजाबाकी सांगत नाही. नरसंहाराचे बहुतेक अभ्यासक त्याचा निष्कर्ष नाकारतात, मलाही तो पुराव्याला सोडून वाटतो. तुर्की सरकारशी त्याच्या जवळिकीवर टीकाकार बोट ठेवतात. तो मुद्दा लक्षात ठेवा, पण दुसरा रकाना तपासायचं सोडून त्यावर विसंबू नका.

सरावासाठी एकच प्रांत घ्या, शिवास किंवा व्हान. मूळ नोंदी इतिहासकार केमाल कारपातच्या 1985 च्या ग्रंथात मिळतील, धर्मपीठाचे आकडे इतिहासकार रेमंड केव्होर्कियनच्या लेखनात. मग 1927 ची तुर्की जनगणना उघडा, एकूण 1 कोटी 36 लाखांची. मुस्लिम घरांत सामावलेल्या आर्मेनियन बायका-मुलांना त्यात कुठल्या धर्माखाली मोजलं असेल, ते समासात लिहा आणि तिसरा रकाना पेन्सिलीनेच भरा.