घरून काम सुरू झाल्यावर घराची घडी कशी बसवावी

मार्च २०२० मधील टाळेबंदीपासून पुण्या-मुंबईतील अनेक घरांत कार्यालयाने जो शिरकाव केला, तो पुढेही टिकला. घरून काम करायचे ठरले की बहुतेक जण आधी टेबल, खुर्ची आणि वायफायची सोय पाहतात. माझ्या मते सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी, कारण माणसे घरी थांबली की सर्वांत जास्त काम तिथेच वाढते.

एरवी सकाळी डबा भरून दिला की दुपार मोकळी मिळते. तोच माणूस घरी असला की अकराचा चहा, दीड वाजता गरम पोळी, चारला पुन्हा चहा व सोबत काहीतरी खायला असा क्रम सुरू होतो आणि ओट्यावर पातेली, गाळणी, कपबशा साठत जातात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यांत दररोज सरासरी २८९ मिनिटे जातात, तर ती करणाऱ्या पुरुषांची ८८. त्यामुळे प्रवासाचा वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे घरात स्पष्टपणे बोलले पाहिजे.

यावर सोपा उपाय म्हणजे घरी असतानाही डबा सकाळीच भरून ठेवणे, आणि आपला चहा आपण करून भांडी लगेच विसळणे. काम वाटून घेताना ते अर्धवट घेऊ नये: दुपारचे जेवण ज्याच्याकडे असेल, त्याने भाजी गरम करण्यापासून उरलेले काढून फ्रीजमध्ये ठेवीपर्यंत आणि ओटा पुसेपर्यंत सर्व पाहावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला प्रत्येक पायरीची आठवण करून द्यावी लागणार नाही.

दोन खोल्यांच्या घरात आवाजावरून खटके उडतातच. रविवारी रात्री आठवड्याच्या महत्त्वाच्या मीटिंगांच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजवर लावाव्यात, म्हणजे कुकर आणि मिक्सर त्याआधी उरकता येतात. मात्र त्याच कागदावर आजी-आजोबांच्या दुपारच्या झोपेची आणि मुलांच्या अभ्यासाची वेळही असावी, कारण घर त्यांचेही आहे.

लहान मुलांना आई किंवा बाबा समोर दिसत असूनही जवळ येत नाहीत, हे समजणे फार कठीण जाते. ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणण्यापेक्षा घड्याळाचा काटा कुठे आल्यावर येऊ ते दाखवावे आणि त्या वेळी खरोखर उठावे. शांतता हवी म्हणून हातात मोबाइल देण्याची सवय पटकन लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, हे ध्यानात ठेवावे.

स्टेशनपर्यंतचे चालणे बंद होते, तेव्हा कामाआधी एक फेरी मारून यावी. काम संपल्यावर लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवावा. महिनाभराने ही व्यवस्था पुन्हा तपासावी आणि घरात जिला अजूनही दुपारी पाठ टेकायला मिळत नाही, तिला पहिल्यांदा विचारावे.